नेदरलँड्सहून रत्नागिरीजवळ गावी परत आलोय, मोठा मुलगा रमत नाहीये. गावातच राहावं की हलावं?

पागोळी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही बरीच वर्षं नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला होतो, एप्रिलमध्ये कायमचे परत आलो. पुण्या-मुंबईला नाही, थेट नवऱ्याच्या गावी, रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला. सासरे गेल्या वर्षी पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, सासूबाई एकट्या किती बघणार, आणि नवऱ्याचं बरेच दिवस चाललंच होतं की मुलं मोठी व्हायच्या आत जाऊया, नंतर होत नाही. कंपनी तिकडचीच आहे, त्यांनी इथून काम कर म्हटलं म्हणून जमलं. मी मूळची सांगलीची, म्हणजे मलाही हे सगळं तसं नवीनच आहे, लग्नानंतर आले ती गणपतीला आणि मे महिन्यात, पाहुण्यासारखी.

मुलगी चार वर्षांची आहे, तिचं विचारूच नका, ती जन्मापासून इथेच असल्यासारखी फिरतेय, चपला कुठे असतात माहीत नाही, दिवसभर कोंबड्या आणि शेजारची काकू. प्रश्न मोठ्याचा आहे, तो आठ वर्षांचा. मे महिना मस्त गेला, आंबे, मुंबईची चुलत भावंडं, खळ्यात क्रिकेट. जूनमध्ये पाऊस लागला तरी चढणीचे मासे बघायला काकाबरोबर रात्री बॅटरी घेऊन गेला, तेव्हाही खूश होता. मग गणपती, घरात पाय ठेवायला जागा नाही, रोज रात्री भजन, आरत्या. आणि गणपती झाल्यावर मुंबईची माणसं एकेक करून निघाली, कोण तुतारी एक्स्प्रेसने, कोण स्वतःच्या गाडीने, आणि शेवटच्या काकांची गाडी निघायच्या दिवशी हा पठ्ठ्या सकाळी आपली बॅग भरून ओटीवर येऊन बसला. पासपोर्ट पण कपाटातून काढून आणलेला. म्हटलं अरे कुठे निघालास, तर म्हणे सगळ्यांची सुट्टी संपली ना.

तेव्हापासून गप्पच आहे. रडत नाही, हट्ट नाही, नुसता गप्प. शाळा गावातलीच जिल्हा परिषदेची, सेमी आहे, तिसरीत घातलंय. बाई खरंच चांगल्या आहेत पण वर्गात मुलंच पाच. मराठी घरात बोलायचो त्यामुळे बोलतो व्यवस्थित, वाचता मात्र येत नाही, डचमध्ये जाडजूड पुस्तकं वाचणारा मुलगा इथे 'कमळ बघ' वाचतोय आणि पहिलीतली पोरं त्याच्या पुढे आहेत, त्याचा त्याला फार त्रास होतो. शिवाय गृहपाठ! तिकडे या वयात गृहपाठ जवळजवळ नसतोच.

घरातलं म्हणाल तर सासूबाई प्रेमळ आहेत, भांडण असं नाही, पण बारीकसारीक सतत. तिकडे साडेपाचला नवरा घरी, सहाला जेवण, साडेसात-आठला मुलं झोपलेली. इथे मी सातला मुलांना झोपवायला घेतलं की त्या म्हणतात दिवेलागणीला कोण झोपतं का, घरात लक्ष्मी यायची वेळ. मग साडेनऊला नवऱ्याचं काम संपतं, मग जेवणं, मग दहा-साडेदहा. मुलगा सकाळी ब्रेडवर चॉकलेटचा चुरा मागतो, तो इथे मिळत नाही, आजी म्हणतात पोर वाळलं पार, आणि आठ वर्षांच्या मुलाला हाताने घावन भरवतात. आणि बाथरूमचं तर वेगळंच महाभारत. मागच्या बाजूला एक कमोडवालं बाथरूम बांधायचं म्हटलं तर घर सामायिक, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिन्ही भावांची नावं, मुंबईच्या काकांना विचारल्याशिवाय वीट हलणार नाही, आणि ते म्हणतात पुढच्या गणपतीत बसून बोलू.

तर प्रश्न असा आहे की इथेच रेटायचं, का रत्नागिरीत भाड्याने ब्लॉक घेऊन मोठ्या शाळेत घालायचं, का सरळ पुणं गाठायचं? नवरा म्हणतो एक वर्ष जाऊ दे. मला कळत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

नाखवा

वैनी, आधी एक सांगतो, पहिल्या पावसाळ्यात कोकणाबद्दल कोणताच निर्णय घेऊ नये. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, कपाटातल्या चामड्याच्या बॅगेला बुरशी, चादरी आंबूस, लाईट गेली की दुसऱ्या दिवशी, अशात चांगल्या चांगल्या माणसांची डोकी फिरतात. आम्हाला सवय हाय म्हणून आम्ही हसतो एवढंच. दसरा होऊ दे, ऊन पडू दे, भात कापणीला येईल, मग बघा गाव काय चीज हाय ते.

पण मुलाला घरात कोण काम सांगतो का? तुमच्या लिहिण्यावरनं तरी नाय वाटत. भरवतात, विचारतात, लाड करतात, म्हणजे तो अजून पाहुणाच हाय. आमच्याकडे आठ वर्षांच्या पोराला कोंबड्या कोंडायला, पडलेल्या सुपाऱ्या गोळा करायला, दुकानातनं काडेपेटी आणायला पाठवतात. त्याला एक काम नेमून द्या जे त्याने केलं नाय तर अडेल. आता कापणी, झोडणी येतेय, पेंढे उचलायला माणसं नायत गावात, लावा त्याला पाठी. पाऊस गेला की खळं चोपतील, त्यात घाला.

बोरू

ताई, मी जिल्हा परिषद शाळेतच शिक्षक आहे, लांज्याच्या बाजूला. आमच्याकडे मुंबईहून परत आलेली मुलं असतात, एक-दोनदा आखाती देशातून आलेली पण आलीत.

गप्प बसण्याचं फार मनावर घेऊ नका असं म्हणणार होतो, पण तुमचा मुलगा मराठी बोलतो आणि तरी गप्प आहे म्हणताय, तर ते भाषेचं नाही, त्याचं इतरांनी बघावं. मी वाचनाचं सांगतो. ज्या मुलाला एका लिपीत भराभर वाचता येतं त्याला वाचन 'येतं', फक्त चिन्हं नवीन आहेत, त्यामुळे त्याला पहिलीच्या पुस्तकातून नेऊ नका, त्यात अपमान वाटतो. 'कमळ बघ' हा प्रकार सहा वर्षांच्या मुलासाठी आहे. मुळाक्षरं आणि काने-मात्रे एका चार्टवर लावा आणि वाचायला त्याच्या कामाच्या गोष्टी द्या, एसटीच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, मोबाईलवर काका-मावशीचे मराठी मेसेज, क्रिकेटचा स्कोअर. जोडाक्षरं शेवटी. आमच्याकडे एक मुलगी फक्त एसटीच्या पाट्यांवर वाचायला शिकली, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, नंतर बाकीचं आपोआप आलं. दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी फरक पडायला हरकत नाही. बाईंना सांगा की गणित त्याला तोंडी विचारा, तिथे तो चमकला तर वर्गात त्याची जागा होईल.

आणि मराठी टाळायला म्हणून इंग्रजी माध्यमात घालणार असाल तर ते होणार नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, बोर्ड कुठलं का असेना. म्हणजे बाराखडी तिथेही आहेच, फक्त तिथे चाळीस मुलांच्या वर्गात बाई त्याच्याजवळ बसणार नाहीत.

दाखल्याचं काही अडलंय का? परदेशातल्या शाळेचा आपल्यासारखा दाखला नसतो म्हणून काही शाळा उगाच फेऱ्या मारायला लावतात. शिक्षणहक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आहे, दाखला नाही या कारणावरून सहा ते चौदा वयाच्या मुलाला नाकारता येत नाही.

राईन_काठ

मी उलट्या बाजूने लिहिते. आम्ही जर्मनीतून परत आलो होतो, गुहागर तालुक्यात सासर, दोन पावसाळे काढले आणि परत जर्मनीला आलो. वर सगळे म्हणतायत ते बरोबर असेलही, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे वर्गात पाच मुलं. अहो प्रश्न तुमच्या मुलाचा नाहीये, गावात मुलंच नाहीत. कोकणातली वाडी म्हणजे म्हातारी माणसं आणि कुलपं, मे महिन्यात आणि गणपतीत गजबजतं तेवढंच. आठ वर्षांच्या मुलाला आजीचं प्रेम लागतं तसंच त्याच्या वयाचे चार टवाळ मित्र लागतात, ते तुम्ही पेंढे उचलायला लावून कुठून आणणार? आमची मुलगी दोन वर्षं शेजारच्या म्हशीशी गप्पा मारत होती. गोड वाटायचं फोटोत.

रत्नागिरीला या असं माझं स्पष्ट मत. तिथून तुमचं गाव अर्ध्या तासावर असेल, शनिवार-रविवार आजीकडे. आणि परत जावंसं वाटलं तर त्यात पण कमीपणा नाही, आम्हाला लोकांनी खूप ऐकवलं, ऐकून घेतलं.

नाखवा

म्हशीशी गप्पा मारणं वाईट नाय ओ, म्हस उलट उत्तर देत नाय.

पण मुद्दा बरोबर हाय तुमचा, पोरं नायत हे खरं.

खतावणी

भावनेचं बाकीचे बोलतायत, मी कागदांचं सांगतो कारण परत आलेले लोक नेमकं हेच राहू देतात आणि दोन वर्षांनी नोटीस घेऊन येतात.

बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं तसंच चालू असेल तर आधी ते निवासी खात्यात बदलून घ्या, कायम राहायला आलात त्या दिवसापासून तुम्ही फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) दृष्टीने निवासी, एनआरईच्या व्याजाची करमाफी अनिवासीलाच. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव असेल तर मुदतीपर्यंत राहू शकते. युरो युरोतच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासींचं परकीय चलन खातं. इन्कम टॅक्सचा हिशेब वेगळा, तिथे तुम्ही काही काळ आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) असाल, म्हणजे आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी, यातलं एक बसलं की झालं. त्या काळात तिकडच्या ठेवींच्या व्याजावर वगैरे इथे कर नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, साहेब पावसच्या रोडवर बसून जे काम करतात त्याचा पैसा आइंडहोव्हनच्या खात्यात पडला तरी ते भारतातलंच उत्पन्न. लोकांना वाटतं पगार तिकडे म्हणजे कर तिकडे, तसं नाही. कंत्राटी असतील तर वर्षाला २० लाखांवर जीएसटी नोंदणी लागेल, एलयूटी (हमीपत्र) भरली की निर्यात सेवेवर दर शून्य, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

तिकडचं म्हणाल तर ज्या वर्षी देश सोडला त्या वर्षाचं रिटर्न एम फॉर्मवर भरायचं असतं, ते अनेकदा परतावा देऊन जातं. डिजिडी (तिकडचं सरकारी लॉगिन) बंद पडू देऊ नका, सगळी कामं त्यावर. आणि तिकडे राहिलेल्या दर वर्षाला त्यांच्या सरकारी पेन्शनचा २ टक्के हक्क जमलेला असतो, दोघांचाही, वहिनींनी नोकरी केली नसली तरी, कारण तो हक्क राहण्यावर मिळतो. कागद जपून ठेवा.

मुलांचे पासपोर्ट भारतीय आहेत ना? मग आधार लगेच काढून घ्या, भारतीय पासपोर्टवाल्याला १८२ दिवस थांबावं लागत नाही. धाकटीचं बाल आधार होईल, पाच वर्षांची झाली की बोटांचे ठसे द्यायला परत न्यायचं.

पागोळी

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. खतावणी, पासपोर्ट भारतीयच आहेत, एम फॉर्म हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला, नवऱ्याला पाठवलाय.

बोरू सर, पाट्यांची आयडिया खूप आवडली. त्याला एसटीचं वेड आहेच.

नाखवा, काम नेमून द्यायचं म्हणताय ते पटतं पण एक अडचण अशी की आजी त्याला विहिरीच्या बाजूला फिरकू देत नाहीत आणि आमची सगळी बागायत विहिरीच्या पलीकडे. गंमत म्हणजे त्याच्याकडे पोहण्याचा डिप्लोमा आहे. तिकडे सगळीकडे कालवे, त्यामुळे बहुतेक मुलं पोहण्याचा डिप्लोमा करतात, त्यात कपडे आणि बूट घालून पाण्यात उडी मारून पोहून दाखवावं लागतं, त्याने ए आणि बी दोन्ही केलेत. सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलंय त्याने. इथे समुद्र दिसतो खिडकीतून आणि पाण्यात पाय घालायची बंदी.

राईन_काठ, तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण मला आतून तेच वाटतंय.

तिठा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आम्ही मस्कतहून देवरुखला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, मुलं मोठी झाली, म्हणून जरा आगाऊपणा करून विचारते, राग मानू नका. या सगळ्यात मुलाचा बाबा कुठे आहे?

तुम्हीच लिहिलंयत की तिकडे साडेपाचला घरी यायचे, सहाला सगळे एकत्र जेवायचे. इथे साडेनऊला काम संपतं. म्हणजे तिकडच्या ऑफिसच्या वेळेने दुपारी साडेबारा-एकला बसत असतील खोलीत दार लावून. मुलगा साडेदहाला शाळेत जातो, पाचला येतो, तेव्हा बाबा हेडफोन लावून मीटिंगमध्ये. झोपायच्या आधी दिसले तर दिसले. मे महिन्यात सुट्टी घेतली असणार त्यांनी, सगळे असतात तसे, गणपतीत पण. म्हणजे बघा, जे दिवस मुलाला आवडले ते सगळे बाबा मोकळा असलेले दिवस आहेत, आणि तुम्ही सगळे शाळा, गाव, मित्र यात शोधताय. रत्नागिरीला ब्लॉक घेतलात, पुण्याला गेलात, तरी काम संपायला रात्रीचे साडेनऊच होणार. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे घड्याळं मागे जातात, तेव्हा साडेदहा होतील.

आमच्याकडे हेच झालं होतं, फक्त उलट, मस्कतला ते दिसायचेच नाहीत आणि इथे आल्यावर चोवीस तास घरात, मुलं बावरली होती काही महिने. घरातल्या माणसाची वेळ बदलली की मुलाला घर बदलल्यासारखं होतं.

तुमच्या घराची संध्याकाळ आता सकाळी आलीय असं धरा. पहाटे साडेपाच ते दहा हे साडेचार तास बाप आणि मुलाचे. नोकरीवाल्या किती घरांत रोज साडेचार तास मिळतात सांगा बरं? सासूबाईंचं दिवेलागणीचं पण मिटेल, दिवा लागला, शुभंकरोति झालं, मुलं आजी-आजोबांबरोबर जेवली आणि साडेआठला झोपली. बाबासाठी जागं ठेवायचंच नाही त्यांना. रात्री तुम्ही दोघं शांत जेवा, तुम्हालाही तेवढीच उसंत.

राईन_काठ

हे पटलं. आमच्याकडे पण नवऱ्याचं हेच टाइमटेबल होतं, कधी या अंगाने विचार केला नव्हता कोणी. पाच मुलांचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

नाखवा

तिठाताई __/\__

पहाटेचे साडेचार तास म्हणजे तर आमचंच राज्य. वैनी, साहेबांना सांगा पोराला घेऊन सकाळी मिरकरवाड्याला जा, होड्या लागतात, लिलाव चालतो, पोर दुसऱ्या दिवशी स्वतः उठवील बापाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते संपलंय, आता सीझन सुरू हाय. एका महिन्यात त्याला सौंदाळा, मोडुसा, बांगडा सगळं ओळखता येईल आणि मग मुंबईची चुलत भावंडं येतील तेव्हा हा त्यांना शिकवील. पाहुणा कोण आणि घरचा कोण ते तिथे ठरतं.

पोहण्याचं. समुद्रात नको हां, आजी बरोबर बोलतात. डिप्लोमा असला तरी आमचा समुद्र म्हणजे तलाव नव्हे, पाण्याला ओढ असते, गणपतीपुळे, आरे-वारेला चांगले पोहणारे पर्यटक गेलेत. पण पाऊस ओसरला की गावच्या पऱ्याला (ओढ्याला) कुठेतरी डोह असतोच, वाडीतली जाणती माणसं सांगतील कुठला चांगला. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलो, ह्यो तर बूट घालून पोहतो म्हणता, वाडीतली पोरं त्याला डोक्यावर घेतील. बाप बरोबर पाहिजे आणि पाणी गढूळ असताना नाय. पायाला जखम असेल तर चिखलात, साचलेल्या पाण्यात सोडू नका, लेप्टो होतो आपल्याकडे, पावसाळ्यात ताप आला तर दोन दिवस घरी थांबू नका. तिकडचा डॉक्टर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतो म्हणतात, ती सवय इथे लावून घेऊ नका.

आणि कापणीला पाठवाल तेव्हा बूट घाला, तेच डिप्लोमावाले. भातात घोणस असते, कातळावर फुरसं. काय झालंच तर १०८ ला फोन, पाय हलवायचा नाय, करकचून बांधायचं नाय, कापायचं नाय, भगताकडे तर मुळीच नाय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून डब्यात घालून आणायची गरज नसते.

पागोळी

तिठाताई, तुमची कमेंट नवऱ्याला वाचून दाखवली. पहिल्यांदा चिडला, मी काय मजा करतोय का खोलीत बसून म्हणे. मग बराच वेळ काही बोलला नाही. मग रात्री त्याने मॅनेजरला लिहिलं, तिकडे लवकर सुरू करणारे बरेच असतात, सातला लॉगिन केलं तर इथले साडेदहा, म्हणजे संध्याकाळी सातला मोकळा. हिवाळ्यात आठ होतील, चालेल. ते हो म्हणालेत, पुढच्या सोमवारपासून ट्राय करणार आहे. पहाट आपली ठेवायचीच आहे असं म्हणतोय, बघू, उठायला तो फारसा हुशार नाही.

मिरकरवाड्याला जाऊन आले दोघं. सौंदाळा आणला. आजी म्हणाल्या महाग पडला, फसवलं तुम्हाला, आणि मग पुढच्या खेपेला आजीच बरोबर निघाल्या, भाव करायला. मुलगा घरी येऊन मला लिलावात कसे आकडे बोलतात ते करून दाखवत होता, एका दमात इतकं मराठी त्याच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. बाकी शाळेत अजून गप्पच आहे, तिथे फरक नाही, खोटं कशाला बोलू.

राईन_काठ, तुमचा मुद्दा सोडलेला नाही. आम्ही असं ठरवलंय की मेपर्यंत गावातच, पण शनिवार-रविवारी रत्नागिरीत कुठेतरी खो-खो नाहीतर क्रिकेटच्या क्लासला घालायचं, तिथे बरोबरीची मुलं मिळतील, आणि जूनमध्ये चौथीला शाळा बदलायची का ते तेव्हा त्यालाच विचारायचं. पुणं सध्या कॅन्सल. बाथरूमचं मात्र जैसे थे.

खतावणी

बाथरूमसाठी तिघांच्या संमतीचा साधा कागद करून घ्या, खर्च आमचा आणि हिश्श्यावर हक्क सांगणार नाही असं एक वाक्य त्यात टाका, मुंबईचे काका सही करतील. बहुतेक वेळा त्यांना भीती बांधकामाची नसते, पुढे वाटणीत ते कुणाच्या नावावर लागेल याची असते.

पागोळी

हे कोणी सांगितलंच नव्हतं! आजच मजकूर लिहून काकांना व्हॉट्सअ‍ॅप करते.

जाता जाता अजून एक, नवरा आता सकाळी साडेदहालाच मीटिंगला बसणार, आणि आमच्याकडे नेमकं दहा ते बाराच्या मध्ये नेट जातं. पावसच्या बाजूला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेऊन कोणी चालवतंय का? इन्व्हर्टरवर राऊटर किती वेळ निघतो?

नाखवा

दोन घ्याच, एक वायरवालं, एक सिमवालं, आणि सिमवाल्याचा राऊटर माडीवर समुद्राकडच्या खिडकीत नको, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा, टॉवर तिकडे हाय. राऊटर काय खातो, दहा-पंधरा वॅट, पंखे बंद ठेवलेत तर १५० एएचच्या बॅटरीवर अख्खा दिवस निघेल. विजा चमकायला लागल्या की मात्र सगळ्या पिना उपटून ठेवा, मीटिंग असो नायतर काय असो, गेल्या पावसात आमच्या वाडीत तीन टीव्ही आणि एक फ्रीज गेला. आणि अर्थिंग एकदा वायरमनला दाखवून घ्या, जुन्या घरांत नसतंच धड.